चाळणीखाली गेलेली माणसं

एक कोडं घालते, सुटतंय का बघा. एका वस्तीत दोन गटांची माणसं राहतात, निम्मी निम्मी. नोकरीसाठी सगळ्यांना एकच परीक्षा. दरवर्षी अहवाल येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, "दोन्ही गटांच्या मार्कांत फरक जवळजवळ नाही." पण कामावर जाऊन बघावं, तर शंभरातली चौऱ्याहत्तर माणसं एका गटाची आणि सव्वीस दुसऱ्याची. मार्क सारखे, मग बाकीची माणसं गेली कुठे?

हे कोडं मला बाराव्या वर्षी पडलं. पुस्तकात नाही, शाळेच्या भिंतीपाशी, आईच्या परीक्षेला सहा दिवस उरले असताना. म्हणून मी ते जरा चिडूनच सांगणार आहे. इतकी वर्षं झाली तरी माझी तिडीक गेलेली नाही.

आमची वस्ती शिळाखोरी. सह्याद्रीच्या काळ्या खडकात कोरलेली भुयारं, आत नऊ हजार माणसं. बाहेर उन्हाळ्यात पारा बावन्नच्या वर जायचा, आत मात्र पंख्यांमुळे आणि पाण्याच्या नळ्यांमुळे तीस. खडकातली उष्णता नळ्यांमधून वाहून न्यायची आणि बाहेर टाकायची, अशी सगळी रचना. त्या नळ्या सांभाळणारे ते हवारक्षक. वस्तीचा नियम असा की प्रत्येक घरातलं एक तरी माणूस हवारक्षक पाहिजे. परीक्षेला तीन वेळा बसता यायचं. तिसऱ्यांदा नापास झालात की घर सोडायचं आणि बाहेरच्या छावणीत जायचं, पत्र्याखाली. छावणीतल्या उन्हाळ्याबद्दल मोठी माणसं आमच्यासमोर बोलत नसत, एवढं सांगितलं तरी पुरे.

वस्तीत देशावरची माणसं होती, त्यांना वरचे म्हणत. आणि समुद्राने किनारा गिळल्यावर चढून आलेली आम्ही माणसं होतो, आम्हाला खालचे म्हणत. कोणी शिवी म्हणून म्हणत नसे, पण ऐकताना गोडही लागत नसे. मी भानू तांडेल. बाबा किनाऱ्यावरच गेले. घरात मी आणि आई, कालिंदी तांडेल. बोटीच्या इंजिनावर तिने बारा वर्षं काम केलं होतं. नळ्या, व्हॉल्व्ह, वाफ, सगळं तिच्या हातचं काम. तरी ती दोनदा नापास झाली होती आणि तिसरी परीक्षा सहा दिवसांवर आली होती.

त्याच दिवशी शाळेच्या भिंतीवर अहवाल लागला. खाली सही होती त्र्यंबकआजोबांची. त्र्यंबक गुर्जर म्हणजे वस्तीतले सगळ्यात मोठे संख्याशास्त्रज्ञ (आकड्यांवरून खरं काय ते शोधणारा माणूस). आम्हाला गणित तेच शिकवत. मी अहवाल वाचला आणि तडक त्यांच्या खोलीत गेले.

"आजोबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच. का गं, शुद्धलेखन चुकलं का?"

"वरच्यांची सरासरी शेचाळीस, खालच्यांची चव्वेचाळीस. फरक दोन मार्कांचा."

"हो. साठपैकी दोन म्हणजे काहीच नाही." त्यांनी चष्मा पुसला. "परीक्षा कोणावर अन्याय करत नाही, हे चौदा वर्षं मी दरवर्षी तपासतो. मला झोप लागते ती त्याच्यामुळे."

"मग आमच्या गल्लीत तीस घरं आहेत, त्यातली एकवीस रिकामी का झाली?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "काही लोक परीक्षेलाच बसत नसतील."

माझ्या डोक्यात अशी सणक गेली! "माझी आई दोनदा बसली," मी म्हटलं. "तिचे मार्क कुठे आहेत तुमच्या सरासरीत? दाखवा."

आता इथे तुम्हाला आमच्या वस्तीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या वर्षी नापास झालेल्यांचे मार्क फळ्यावर लावले होते. एका पोराला साठपैकी बावीस पडले. मग काय, सगळी वस्ती त्याला 'बावीस' म्हणूनच हाक मारायची. बावीस आला, बावीस गेला. वर्षभरात तो वस्ती सोडून निघून गेला. सगळ्यांना फार लागलं ते. तेव्हा ठरलं की नापासाचा कागद ठेवायचा नाही. निकालाच्या दिवशी सगळे उभे राहायचे आणि नापासांचे कागद पुसून टाकायचे, नाव, मार्क, तारीख, सगळं. ज्याचं त्याला हळूच सांगायचं. किती वेळा बसलो त्याची भोकं तेवढी आपल्याच कार्डावर. आणि घर सोडताना ते कार्डही वितळवून टाकायचं, म्हणजे डाग राहायला नको. रीत मायेची होती, आणि ती काढली होती त्र्यंबकआजोबांनीच.

"तिचे मार्क पुसले," ते म्हणाले. "सगळ्यांचेच पुसतो. तुला माहीत आहे."

"म्हणजे सरासरी काढलीत ती फक्त पास झालेल्यांची?"

"दुसरे कागद असतात कुठे?"

हे बोलताना त्यांचा आवाज अर्ध्यावरच बसला. मी बघत होते. शिक्षकाला आपल्याच तोंडून चूक ऐकू येते ना, तसं झालं. ते उठले आणि शाळेच्या बागेतल्या खडीच्या दोन बादल्या घेऊन आले, एक काळी आणि एक तांबडी. बरोबर एक चाळणी.

"दोन्हीतले शंभर शंभर खडे घे. प्रत्येकाची जाडी मोजून लिही."

मी मोजत बसले. पाठ मोडली माझी. काळ्या खड्यांची सरासरी (सगळ्यांची बेरीज भागिले संख्या) निघाली त्रेचाळीस मिलिमीटर. तांबड्यांची छत्तीस. सातचा फरक, आंधळ्यालाही हाताने कळेल असा.

"आता चाळ. चाळणीचं भोक चाळीसचं आहे."

मी चाळलं. वर काळे खडे राहिले एकोणसत्तर, तांबडे पंचवीस. बाकीचे खाली परातीत पडले.

"आता वर राहिलेत त्यांचीच सरासरी काढ."

काढली. काळे शेचाळीस. तांबडे चव्वेचाळीस.

मी आकड्यांकडे बघतच राहिले. अहवालातलेच आकडे होते ते. "सातचे दोन झाले!" मी ओरडले. "बाकीचे पाच कुठे गेले?"

"परातीत," आजोबा म्हणाले. "चाळणीवर राहायचं तर खडा चाळीसच्या वर हवाच, मग तो काळा असो की तांबडा. म्हणून वर राहिलेले सगळे एकमेकांसारखेच दिसतात. फरक असतो तो खाली पडलेल्यांसकट. याला व्याप्तीसंकोच म्हणतात (मोजायच्या गोष्टी आधीच गाळल्या गेल्यामुळे मोजमापाचा आवाका आकसणं). आणि त्यातून येते ती अभिनती (मोजमाप दर वेळी एकाच बाजूला झुकणं). एखाद्या वेळची चूक असती तर कधी इकडे गेली असती, कधी तिकडे. ही चौदा वर्षं एकाच बाजूला चुकली. फरक नेहमी लहान दाखवत राहिली." ते खाली बसले. "परात मीच दरवर्षी फेकून देत होतो, भानू. उभा राहून, सगळ्यांसमोर. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं आहे आणि ते मला कळलं नाही."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. सहा दिवसांनी माझी आई परातीत पडणार होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वस्तीचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष नलिनीताई ढमढेरे यांच्याकडे गेलो. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खडीचे आकडे दोनदा वाचले.

"खडीचं पटलं," त्या म्हणाल्या. "पण माणसांचं काय? नापासांचे मार्क दाखवा, मी उद्या परीक्षा थांबवते."

"ते पुसलेत," आजोबा म्हणाले.

"मग मी कशावर निर्णय घेऊ गुर्जरकाका? गल्लीत विचारा लोकांना."

विचारलं की आम्ही! तीन दिवस गल्लीगल्लीतून फिरलो. "तुम्हाला किती पडले होते?" म्हटलं की दार बंद. "आठवत नाही." "मी बसलेच नव्हते." एका काकूंनी मला पाणी दिलं, खाऊ दिला आणि आकडा सोडून जगातलं सगळं सांगितलं. आमच्या घरी तर आईच गप्प. मी विचारलं तर म्हणाली, "भानू गो, पोट भरलंय ना तुझं? मग झोप." चौदा वर्षांत आम्ही लोकांना शिकवून ठेवलं होतं की नापास होणं ही लपवायची गोष्ट आहे. आता ते ती लपवत होते, त्यात त्यांचा काय दोष?

शेवटी नलिनीताईंनी एवढंच मान्य केलं. या खेपेला जो स्वतः उभा राहून 'ठेवा' म्हणेल, त्याचा कागद पुसायचा नाही.

परीक्षेच्या दिवशी आजोबा पहिल्यांदा परीक्षेच्या खोलीत गेले. हसू नका. चौदा वर्षं ते आकडेच बघत होते, परीक्षा त्यांनी बघितलीच नव्हती. खोलीत बारा नळ्या आणि बारा व्हॉल्व्ह. दिवा लागला की त्या नळीचा व्हॉल्व्ह फिरवायचा. प्रत्येक व्हॉल्व्हला पाच मार्क, आणि उशिराच्या प्रत्येक सेकंदाला एक मार्क कमी. चाळीसला पास. त्या दिवशी ऐंशी जण बसले, चाळीस वरचे, चाळीस खालचे. मी काचेला नाक लावून उभी होते.

आई आत गेली. दिवा लागला, ती झटकन वळली, आणि व्हॉल्व्हला हात घालायच्या आधी तिने हाताची पालथी बाजू नळीजवळ नेली. एक सेकंद. मग फिरवला. पुढची नळी थंड पाण्याची होती, निळी. तिथे तिने सरळ फिरवला. पुढची तांबडी, गरम पाण्याची. पुन्हा पालथा हात. बारातल्या सात नळ्या तांबड्या होत्या. मी बाहेरून ओरडत होते, आई, नको, नळी रिकामी आहे, परीक्षा आहे ही! काचेतून काय ऐकू जाणार.

ती बाहेर आली तेव्हा आजोबांनी विचारलं, "कालिंदीबाई, तो हात कशाला लावत होता?"

"लावत होते का?" आईने हाताकडे बघितलं. तिला खरंच माहीत नव्हतं. मग म्हणाली, "बोटीवरची सवय ती. गरम नळी आधी पालथ्या हाताने बघायची. फार तापली असली तर आत वाफ कोंडलेली असते. तशीच उघडली तर तोंड भाजून निघतं. आमच्याकडे पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"तुमच्याकडे सगळेच असं करतात?"

"न करून कसं चालेल?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. सात नळ्या, सात सेकंद, सात मार्क.

निकाल लागला. अडतीस. आई तिसऱ्यांदा नापास झाली होती, दोन मार्कांनी.

त्या दिवशी बेचाळीस जण नापास झाले. रीतीप्रमाणे सगळे उभे राहिले. पुसायचं यंत्र सुरू होणार, एवढ्यात आई पुढे गेली. ती मोठ्याने म्हणाली, "कालिंदी तांडेल. अडतीस. माझा कागद पुसायचा नाही. नावासकट ठेवा."

मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू? माझ्या आईचे मार्क सगळ्या वस्तीला कळले म्हणून मला लाज वाटली, आणि लगेच स्वतःचीच चीड आली. मग मागून एक आवाज आला, "बत्तीस. ठेवा." मग दुसरा. वरच्यांपैकीही काही जण होते. चाळीस कागद राहिले. दोन माणसं मान खाली घालून निघून गेली. आजोबांनी वहीत ते दोनही लिहून ठेवले, 'दोन माहीत नाहीत' असं.

त्या दोघांखेरीज त्या दिवशीच्या सगळ्यांची सरासरी निघाली. वरचे त्रेचाळीस, खालचे छत्तीस. मी उडी मारली. "सापडला! आता परीक्षा खोटी आहे असं सांगा त्यांना."

"थांब," आजोबा म्हणाले. "फरक सापडला म्हणजे परीक्षा चुकीची, असं होत नाही. कदाचित कामातही तेवढाच फरक असेल. ते निघालं तर सोसशील?"

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. पण मान हलवावीच लागली.

"मग सारख्या मार्कांची माणसं घे," ते म्हणाले. "चाळीस ते पंचेचाळीसमधली, दोन्ही गटांतली. परीक्षा नीट मोजत असेल तर ती कामातही सारखीच निघाली पाहिजेत."

आम्ही अपघातांची नोंदवही काढली. त्या मार्कांचे वरचे रक्षक एकतीस होते, वाफेने भाजल्याचे अपघात नऊ. खालचे रक्षक वीस, अपघात एक. मी बोट ठेवून तीनदा मोजलं. ज्या सवयीपायी आमची माणसं मार्क गमावत होती, त्याच सवयीने नळ्या आणि माणसं वाचत होती. परीक्षा घाई मोजत होती, काम मोजत नव्हती.

नलिनीताईंनी वही शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी हुकूम काढला. पुढच्या वर्षीपासून परीक्षेतल्या नळ्यांत खरं गरम पाणी असेल आणि तपासून उघडणाऱ्याचा वेळ धरला जाणार नाही. नापासांचे कागद यापुढे जपून ठेवायचे, पण कुलपात, फक्त मोजणाऱ्यांसाठी. आता कोणालाही आकड्याने हाक मारली जाणार नव्हती आणि कोणी हिशोबातून गळणारही नव्हतं. इतकं साधं होतं ते, चौदा वर्षांपूर्वीही करता आलं असतं.

"आणि आई?" मी विचारलं.

"नियम मागे जात नाही, भानू," त्या म्हणाल्या. "मी एकीसाठी मोडला तर उद्या कोणासाठी पाळू?" त्यांचे डोळे भरले होते. त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता.

आठवड्याने आम्ही छावणीत गेलो. पत्र्याची खोली, दुपारी भिंतीला हात लागला तर फोड येई. बारा हजार माणसं, पाण्याची रांग सकाळी चारपासून. शेजारच्या खोलीतली तान्ही मुलगी वैशाखात गेली. आई दगडासारखी काम करत राहिली आणि मी तिच्याशी महिनाभर भांडत राहिले, कारण दुसरं भांडायला होतं कोण.

पावसाळा संपता संपता एका दुपारी त्र्यंबकआजोबा आले. पायी, डोक्याला ओलं फडकं बांधून. माझ्या आधी त्यांनी आईला हात जोडले.

"मंडळाने शेवटी मान्य केलं," ते म्हणाले. "आजवर जे जे नापास झाले त्या सगळ्यांना पुन्हा परीक्षा. नव्या पद्धतीने. पास झाला की घर परत. कालिंदीबाई, यादीत पहिलं नाव तुमचं आहे."

मी आईच्या गळ्यातच पडले. आईने मला बाजूला केलं आणि विचारलं, "यादी केवढी आहे?"

आजोबांनी कागद पुढे केला. चाळीस नावं.

"चौदा वर्षांची?"

"चौदा वर्षांत शेकडो माणसं नापास झाली असतील," ते म्हणाले. "मला त्यांची नावं माहीत नाहीत. कोणालाच नाहीत. इथे बारा हजार माणसं आहेत. त्यातलं परीक्षेला बसून नापास झालेलं कोण आणि मुळात वस्तीत कधी नव्हतंच ते कोण, हे सांगणारा एकही कागद नाही. दवंडी पिटवली, तर या चाळिसांखेरीज सहाच जण आले."

बाकीचे का आले नाहीत हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

आईने घागर खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि मला म्हणाली, "वही घे."

पहिल्या खोलीत एक म्हातारा पाण्याच्या गळक्या डब्याला कथलाचा डाग देत बसला होता. बाजूला त्याची बायको. आजोबांनी विचारलं, "तुम्ही शिळाखोरीत कधी परीक्षेला बसला होता का?"

"मी? छे," तो वर न बघता म्हणाला. "मी कधी गेलोच नाही तिकडे."

आजोबा पुढे निघाले. आई मात्र त्याच्यासमोर जमिनीवर बसली, त्या तापलेल्या मातीवर.

"मी कालिंदी तांडेल," ती म्हणाली. "मला अडतीस पडले. त्याच्या आधी सदतीस, त्याच्या आधी पस्तीस. तीनही वेळा नापास. ही माझी पोर, तिला माहीत आहे. तुम्हाला किती पडले, दादा?"

त्याने डाग द्यायचं थांबवलं. मी आकड्यासाठी थांबले नव्हते, खरंच सांगते, मला वाटलं तो आम्हाला हाकलणार.

"चौतीस," तो म्हणाला. त्याची बायको त्याच्याकडे बघायला लागली. तिला हे आजच कळत होतं. "चौतीस," तो पुन्हा म्हणाला, आता वर बघून. "बारा वर्षं झाली. लिही पोरी. नाव पण लिही."

मी नाव लिहिलं, पुढे चौतीस लिहिलं, आणि आम्ही दुसऱ्या खोलीकडे निघालो. तिथली बाई आधीच दारात येऊन उभी होती.